वाचकांचे प्रश्न : कुस्कोच्या लाल जर्सीवाल्यांबद्दल

मागच्या अंकात पेरूतल्या कुस्को शहराच्या सिएन्सियानो फुटबॉल क्लबवर छोटीशी चौकट टाकली होती. २००३ साली या डोंगरातल्या टीमने अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेटला हरवून कोपा सुदामेरिकाना हा दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांचा कप जिंकला एवढंच त्यात होतं, जागाच तेवढी होती. त्यावर एवढे मेसेज आणि मेल आले की या वेळचं पूर्ण सदर त्यालाच देतोय. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, सारखे होते ते एकत्र केलेत, आणि कोणाचं नाव न टाकता फक्त गाव टाकलंय.

प्रश्न (कोल्हापूर): आमच्याकडे टीमा तालमीतून आल्या, पाटाकडील काय, दिलबहार काय, खंडोबा, बालगोपाल. तुम्ही लिहिलंय की सिएन्सियानो शाळेतून आला. म्हणजे शाळेची टीम डायरेक्ट मोठ्या लीगमध्ये? हे जमलं कसं? जरा डिटेलमध्ये सांगा.

शाळेचीच टीम, अगदी खरं. कुस्कोमध्ये कोलेहिओ नासिओनाल दे सिएन्सियास नावाची जुनी सरकारी शाळा आहे. सिमोन बोलिव्हारने स्पेनपासून स्वातंत्र्य मिळवून दिल्यावर १८२५ मध्ये स्थापन केलेली, म्हणजे आज दोनशे वर्षं झाली तिला. त्या शाळेतल्या पोरांना तिकडे सिएन्सियानो म्हणतात आणि त्याच पोरांनी १९०१ मध्ये क्लब काढला. लिमाचा सगळ्यात लाडका क्लब आलियान्सा लिमा, तोसुद्धा १९०१ चाच. दोन्ही एकाच वयाचे, पण पुढची ऐंशी-नव्वद वर्षं दोघांच्या वाट्याला जे आलं त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि माझ्या मते हा क्लब समजून घ्यायचा तर आधी तो फरक समजून घ्यावा लागतो.

पेरूत सगळं लिमात. सरकार लिमात, पैसा लिमात, पेपर लिमात, बंदर शेजारी कायाओला, आणि बंदरावर इंग्रज खलाशी उतरायचे म्हणून फुटबॉलही आधी तिथेच रुजला. देशाची लीग म्हणून जे काही चालायचं ते कितीतरी वर्षं फक्त लिमा आणि कायाओच्या टीमांचं होतं. कुस्को, आरेकिपा, पुनो, त्रुहियो इथली पोरं आपापल्या गावच्या लीगमध्ये खेळायची आणि तिथेच संपायची, कितीही चांगली खेळली तरी. १९६६ मध्ये पहिल्यांदा बाहेरच्या टीमांना घेऊन देशाची खरी लीग सुरू झाली, तिचं नावच देसेन्त्रालिसादो, म्हणजे विकेंद्रित, ठेवलं. आणि १९६७ पासून कोपा पेरू. ही स्पर्धा तुम्हा कोल्हापूरकरांना मनापासून आवडेल, कारण ती तालुक्यासारख्या अगदी खालच्या पातळीपासून सुरू होते, मग प्रांत, मग विभाग, मग देश, आणि शेवटी जिंकणाऱ्याला कितीतरी वर्षं थेट वरच्या लीगचं दार उघडायचं. म्हणजे कुठल्यातरी खेड्यातली टीम एका वर्षात इतक्या पायऱ्या चढून थेट लिमातल्या मोठ्या क्लबांसमोर उभी राहू शकायची, निदान कागदावर तरी.

सिएन्सियानो सत्तरच्या दशकात वर आला, पुन्हा खाली गेला, असं चालू राहिलं. नव्वदच्या दशकात मात्र पक्का बसला आणि पुढे २०१५ पर्यंत वरच्या लीगमध्येच होता. पण वरच्या लीगमध्ये असणं आणि तिथे कोणी विचारणं यात फरक असतो ना. लिमाहून कुस्को विमानाने दीड तासाच्या आत, बसने मात्र वीस तासांहून जास्त, सगळा अँडीजचा घाट. लिमातल्या टीमांना वर्षातून एकदा-दोनदा वर यायचं असायचं, कुस्कोच्या पोरांना मात्र दर दुसऱ्या मॅचला खाली कुठेतरी उतरायचं. लिमा विभाग आणि कायाओच्या बाहेरची एखादी टीम पहिल्यांदा देशाची चॅम्पियन झाली ती थेट १९८१ मध्ये, आरेकिपाची मेल्गार. यावरून अंदाज घ्या.

तालमीशी तुम्ही जोडलंत ते मला पटलं. पेठेतल्या तालमीची टीम आणि गावातल्या सगळ्यात जुन्या शाळेची टीम, दोन्हीकडे माणूस टीम निवडत नाही, त्यात जन्माला येतो. कुस्कोमध्ये सिएन्सियानोचा जुना वैरी देपोर्तिवो गार्सिलासो, तो १९५७ चा, आणि त्याची मुळंसुद्धा दुसऱ्या एका शाळेतच. तुमच्या शाहू स्टेडियममध्ये पेठांच्या मॅचला जे वातावरण असतं ते त्या लोकांना समजावून सांगायची गरज पडणार नाही.

प्रश्न (परभणी, दहावीत आहे): सर मला तो कप कसा जिंकला ते सगळं सांगा ना, कोणाला हरवलं, किती गोल, कोच कोण. आमच्या ग्रुपमध्ये कोणालाच माहीत नाही.

सगळं सांगतो, ग्रुपमध्ये तू सांग मग.

आधी एक लक्षात घे. २००३ पर्यंत पेरूच्या एकाही क्लबने खंडातला कुठलाच कप जिंकला नव्हता. दोनदा अगदी जवळ गेले होते, १९७२ मध्ये युनिव्हर्सितारिओ आणि १९९७ मध्ये स्पोर्टिंग क्रिस्ताल, दोघेही लिमाचे, दोघेही कोपा लिबेर्तादोरेसच्या, म्हणजे खंडातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या कपच्या, फायनलमध्ये हरले. देशाची टीम १९८२ नंतर वर्ल्ड कपला गेली नव्हती आणि पुढेही २०१८ पर्यंत जाणार नव्हती. म्हणजे पेरूच्या फुटबॉलचा तो सगळा काळच कोरडा होता. आणि सिएन्सियानोने तर तोवर देशाची लीगसुद्धा कधी जिंकलेली नव्हती.

कोच होता फ्रेडी तेर्नेरो. लिमाचा माणूस. त्याच्या हाताशी होते ते बहुतेक लिमाच्या मोठ्या क्लबांनी सोडून दिलेले किंवा कधी घेतलेच नाहीत असे खेळाडू. सेंटर फॉरवर्ड हेर्मान कार्ती तेव्हा ३५ वर्षांचा, या वयात बाकीचे बूट काढून ठेवतात, आणि हाच कार्ती सहा गोल मारून पूर्ण स्पर्धेत पहिला आला. मिडफिल्डला हुआन कार्लोस बासालार, तोही त्याच वयाचा. गोलकीपर ऑस्कर इबान्येस, जन्माने अर्जेंटिनाचा पण नंतर पेरूचा नागरिक झालेला आणि पेरूसाठी खेळलेला. डिफेन्सला सान्तियागो आकासिएते, जो पुढे स्पेनला आल्मेरियाकडून खेळायला गेला. पॅराग्वेचा कार्लोस लुगो, त्याचं नाव लक्षात ठेव, पुढे लागणार आहे. आणि सेसार काहुआन्तिको, कुस्कोचाच पोरगा, आडनावच केचुआ, म्हणजे इंका लोकांच्या भाषेतलं. टीव्हीवर असली आडनावं लिमाच्या स्टुडिओतून क्वचित ऐकू यायची तेव्हा, त्यामुळे कुस्कोच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला तो मुलगा खेळताना बघून काय वाटत असेल याचा विचार मी बऱ्याचदा करतो.

आता मॅचेस. पहिल्यांदा घरातलाच हिशोब, आलियान्सा लिमा बाहेर. मग चिलीची युनिव्हर्सिदाद कातोलिका, कुस्कोत ४-० मारले, सान्तियागोला १-३ हरले, तरी एकूण गोलांवर पुढे. मग आला ब्राझीलचा सान्तोस. पेलेंचा सान्तोस, पण जुनी पुण्याई सोड, त्या वेळचा सान्तोसच भारी होता, २००२ चा ब्राझीलचा चॅम्पियन, २००३ च्या लिबेर्तादोरेसचा उपविजेता, टीममध्ये रॉबिन्यो आणि दिएगो. पहिली मॅच त्यांच्या घरी, १-१. दुसरी कुस्कोत, २-१. सान्तोस घरी गेला. सेमीफायनलला कोलंबियाचा अत्लेतिको नासिओनाल, मेदेयीनला त्यांच्याच मैदानावर २-१, मग कुस्कोत १-०.

फायनलला रिव्हर प्लेट. कोच मानुएल पेलेग्रिनी, हाच पुढे रियाल माद्रिद आणि मँचेस्टर सिटीचा कोच झाला, फॉरवर्डला मार्सेलो सालास आणि तरुण माक्सी लोपेस. पहिली मॅच १० डिसेंबर २००३, ब्युनोस आयरेसला, रिव्हरच्या एवढ्या मोठ्या मोनुमेन्ताल स्टेडियममध्ये. लोकांना वाटलं होतं तिथेच निकाल लागेल. झालं ३-३. परदेशात, रिव्हरच्या घरात, तीन गोल.

दुसरी मॅच १९ डिसेंबरला, पण कुस्कोत नाही. फायनलसाठी चाळीस हजार प्रेक्षक मावतील असंच स्टेडियम हवं असा दक्षिण अमेरिकेच्या फेडरेशनचा नियम, आणि कुस्कोचं स्टेडियम तेव्हा तेवढं मोठं नव्हतं. म्हणून मॅच आरेकिपाला हलवली, विद्यापीठाच्या स्टेडियमवर, कुस्कोपासून रस्त्याने सुमारे ५०० किलोमीटर. आयुष्यातली सगळ्यात मोठी मॅच आणि तीसुद्धा दुसऱ्याच्या गावात. पण आरेकिपाने तो दिवस आपलाच मानला. ०-० चालू होतं, सिएन्सियानोचा खेळाडू रेड कार्ड घेऊन बाहेर, रिव्हरचा दाब वाढतोय, आणि ७८ व्या मिनिटाला फ्री किक मिळाली. लुगोने मारली. १-० झाले. शिट्टी वाजली तेव्हा मैदानात सिएन्सियानोचे नऊच जण उरले होते.

तेर्नेरो त्या काळात सारखं एकच वाक्य म्हणायचा, सी से पुएदे, म्हणजे जमतं, आपल्याला जमतं. नंतर ते पूर्ण देशाने उचललं. आजही पेरूची टीम अडचणीत असली की स्टँडमधून तेच ऐकू येतं.

प्रश्न (ठाणे): चौकट वाचली, पण मला हे कौतुक जरा जास्त वाटतं. ३४०० मीटरवर बोलावून बाहेरच्या टीमला दम लागेपर्यंत पळवायचं आणि मग जिंकलो म्हणायचं, याला फेअर कसं म्हणणार? फिफाने पण बंदी घातली होती ना?

तुमचा मुद्दा नीट घेतो, कारण जगभर सिएन्सियानोबद्दल पहिलं वाक्य हेच बोललं जातं आणि मला ते मनापासून खटकतं.

उंचीचा त्रास खरा आहे, त्यात वाद नाही. कुस्को जवळजवळ ३४०० मीटरवर, आपलं लेह ३५०० च्या आसपास, त्यामुळे लेहला विमानाने उतरून पहिल्याच दिवशी जिना चढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही साधारण दोन तृतीयांशच. एक जोरात धाव घेतली की पुढची धाव घ्यायला शरीर जास्त वेळ मागतं. शिवाय हवा विरळ असल्याने बॉल जास्त वेगाने जातो, कमी वळतो, खालच्या गोलकीपरचा अंदाज चुकतो. शरीराला सवय व्हायला दिवस नाही, आठवडे लागतात, आणि एवढा वेळ कुठल्याच क्लबकडे नसतो, म्हणून टीमा मॅचच्या अगदी काही तास आधी येतात, त्रास अंगात भिनायच्या आत खेळून परत. हे सगळं मान्य.

पण आता वरचे स्कोअर परत वाचा. सान्तोस समुद्राच्या काठावर, तिथे १-१. मेदेयीन सुमारे १५०० मीटर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडंसंच उंच, तिथे २-१ जिंकले. ब्युनोस आयरेस नदीकाठी, जवळजवळ सपाटीवर, तिथे ३-३. आणि कप जिंकला ती मॅच कुस्कोत झालीच नाही, आरेकिपा २३०० मीटरच्या आसपास आहे, कुस्कोपेक्षा हजार मीटरने खाली. ज्याला फक्त उंचीने जिंकायचंय तो बाहेर तीन-चार गोल खातो आणि घरी भरून काढतो, कातोलिकाच्या वेळी थोडंफार तसंच झालं हे मी लपवत नाही. पण त्यानंतरच्या तिन्ही फेऱ्यांत बाहेरची एकही मॅच ते हरले नाहीत. ब्राझील, कोलंबिया, अर्जेंटिना, तिन्ही ठिकाणी. हे श्वासाचं काम नाही, हे खेळाचं काम आहे. कार्ती आणि बासालारसारखे पस्तिशीचे लोक सपाटीवर रॉबिन्योच्या टीमसमोर नव्वद मिनिटं उभे राहिले त्याचं श्रेय डोंगराला कशाला द्यायचं?

आणि अजून एक, जे लिमा-ब्युनोस आयरेसवाल्यांच्या लक्षात येत नाही. डोंगरातून खाली उतरून खेळणंही सोपं नसतं. दमट हवा, उकाडा, बॉलचा वेगळाच वेग, लांबचा प्रवास, आणि हे सीझनभर. वरती येणाऱ्या टीमची दमलेली तोंडं कॅमेरा दाखवतो, खाली जाणाऱ्यांचं कोणी काही दाखवत नाही.

बंदीचं म्हणाल तर, २००७ च्या सुरुवातीला ब्राझीलच्या फ्लामेंगोला बोलिव्हियातल्या पोतोसीला खेळावं लागलं, तिथली उंची तर ३९०० च्या वर, खेळाडूंना ऑक्सिजन लावावा लागला, ब्राझीलमध्ये मोठा गदारोळ झाला. त्याच वर्षी मे महिन्यात फिफाने २५०० मीटरच्या वर आंतरराष्ट्रीय सामने नकोत असं ठरवलं. पण बोलिव्हिया, इक्वेडोर, कोलंबिया, पेरू सगळे चिडले, बोलिव्हियाचे राष्ट्राध्यक्ष इव्हो मोरालेस स्वतः डोंगरावर जाऊन फुटबॉल खेळले निषेध म्हणून. महिन्याभरातच मर्यादा ३००० वर नेली, बोलिव्हियातल्या ला पासला सूट दिली आणि २००८ च्या मे मध्ये बंदीच स्थगित केली. ती बंदी होती देशांच्या टीमांसाठी. आणि ज्या शहरात माणसं हजारो वर्षं राहतात, शेती करतात, लग्न करतात, पोरं शाळेत जातात, तिथे फुटबॉल खेळणं अन्यायाचं आहे असं म्हणायचं, हे मला तरी पटत नाही. इंका लोकांची राजधानी होती ती, कुणी फुटबॉलसाठी मुद्दाम वर नेऊन ठेवलेलं शहर नाही.

प्रश्न (मडगाव): रिव्हरला हरवल्यावर बोकाला पण हरवलं असं कुठेतरी वाचलं. खरं का?

खरं. २००४ ची रेकोपा, म्हणजे लिबेर्तादोरेसचा विजेता विरुद्ध सुदामेरिकानाचा विजेता. २००३ ची लिबेर्तादोरेस अर्जेंटिनाच्याच बोका जुनिअर्सने जिंकली होती. मॅच अमेरिकेत, फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलला, सप्टेंबर २००४ मध्ये. बोका पुढे होती, सिएन्सियानोने अगदी शेवटाला बरोबरी साधली, १-१, आणि पेनल्टीवर ४-२ ने जिंकले. फ्लोरिडा समुद्रकिनाऱ्यावर आहे, हे ठाण्याच्या वाचकांसाठी पण सांगून ठेवतो.

एका वर्षाच्या आत रिव्हर आणि बोका दोघांनाही फायनलमध्ये हरवलं. म्हणूनच त्यांचे चाहते क्लबला एल पापा म्हणतात, बाप, अमेरिकेचा बाप. पेरूच्या दुसऱ्या कुठल्याही क्लबकडे आजपर्यंत असा एकही आंतरराष्ट्रीय कप नाही, सिएन्सियानोकडे दोन आहेत.

प्रश्न (लातूर): एवढा मोठा कप जिंकल्यावर क्लब श्रीमंत झाला असेल ना? आता कुठे आहे? टॉप टीम आहे का तिकडची?

हे उत्तर लिहिताना वाईट वाटतं.

नाही झाला श्रीमंत. काही वर्षं मात्र खरंच चांगली गेली. २००१ मध्येच ते लीगच्या फायनलला पोचून आलियान्सा लिमाकडून पेनल्टीवर हरले होते, मग २००५ मध्ये सीझनचा पहिला अर्धा भाग जिंकला पण वर्षाच्या फायनलला स्पोर्टिंग क्रिस्तालकडून हरले, २००६ मध्ये दुसरा अर्धा भाग जिंकला आणि पुन्हा फायनलला आलियान्साकडून हरले. तीन वेळा दारापर्यंत, तिन्ही वेळा समोर लिमाची टीम. देशाची लीग त्यांनी आजपर्यंत जिंकलेली नाही. म्हणजे पूर्ण खंडातल्या टीमांना हरवून कप आणणारा क्लब, पण स्वतःच्या देशाचा चॅम्पियन कधीच नाही, असं उदाहरण शोधायला गेलात तर फार कमी सापडेल.

स्टेडियमचंही तसंच. २००४ च्या जुलैमध्ये पेरूत कोपा अमेरिका, म्हणजे देशांच्या टीमांची स्पर्धा, होती, तिच्यासाठी कुस्कोचं स्टेडियम वाढवून ४२ हजारांचं केलं, तिसऱ्या नंबरची उरुग्वे-कोलंबिया मॅच तिथेच झाली. सिएन्सियानोची फायनल होऊन जेमतेम सात महिने झाले होते. हेच काम वर्षभर आधी झालं असतं तर ती फायनल कुस्कोत झाली असती, आणि कुस्कोच्या म्हाताऱ्या माणसांना आरेकिपाला जाणं जमलं नाही म्हणून टीव्हीवर बघावी लागली नसती. राजधानीला दुसऱ्या देशांचे पाहुणे येणार म्हटलं की पैसा निघतो, गावच्या टीमसाठी निघत नाही, ही गोष्ट आपल्यालाही नवीन नाही.

पैशाचं काय झालं, तर पेरूच्या बहुतेक क्लबांचं जे झालं तेच. तिकडे क्लब म्हणजे सभासदांची संस्था, अध्यक्ष येतो, मोठमोठी कॉन्ट्रॅक्ट करतो, निघून जातो, कर्ज मागे राहतं. टीव्हीचा पैसा पुन्हा लिमाच्याच मोठ्या क्लबांकडे जास्त. २०१२ मध्ये तर पेरूतल्या खेळाडूंनी थकलेल्या पगारासाठी संप केला, काही मॅचेस क्लबांना ज्युनिअर पोरं उतरवून खेळाव्या लागल्या. एका वर्षाचा कप एवढ्या जुन्या दुखण्याला पुरत नाही. चांगले खेळाडू निघून गेले, नवीन तयार करायला अकादमी लागते, मैदानं लागतात, खेड्यापाड्यात फिरून पोरं शोधणारी माणसं लागतात. जिंकल्यावर पहिल्या दोन वर्षांत त्यात पैसा घातला असता तर गोष्ट वेगळी झाली असती असं मला ठामपणे वाटतं, कारण शेजारच्या इक्वेडोरमध्ये इंडिपेंडिएन्ते देल व्हाये नावाच्या छोट्या क्लबने नेमकं तेच केलं, आधी अकादमी, मग टीम, आणि २०१९ आणि २०२२ असं दोनदा सुदामेरिकाना जिंकले.

२०१५ हे सगळ्यात वाईट वर्ष. सप्टेंबरमध्ये फ्रेडी तेर्नेरो गेला, कॅन्सरने. क्लब सोडल्यानंतर तो पेरूच्या राष्ट्रीय टीमचा कोच झाला होता, नंतर राजकारणात जाऊन लिमातल्या सान मार्तिन दे पोरेस भागाचा महापौरही होता. आणि त्याच सीझनच्या शेवटी सिएन्सियानो वरच्या लीगमधून खाली घसरला. चॅम्पियन कोण झालं त्या वर्षी? आरेकिपाची मेल्गार. ज्या शहराने सिएन्सियानोला फायनलसाठी जागा दिली, त्याच शहराची टीम. मला त्यात कडवटपणा नाही वाटत, उलट एक प्रांताची टीम पडली तेव्हा दुसरी उभी होती हे बरंच झालं.

चार सीझन दुसऱ्या लीगमध्ये काढले. मैदानात दोन-तीनशे माणसं आहेत, पाऊस पडतोय, असल्या मॅचेस. २०१९ मध्ये ती लीग जिंकून २०२० ला पुन्हा वर आले, आणि नंतर पुन्हा सुदामेरिकानासुद्धा खेळले. टॉप टीम म्हणता येणार नाही, पण आहेत, वर आहेत.

प्रश्न (सांगली): कुस्कोची दुसरी टीम पण आहे ना, रियाल गार्सिलासो? ती आणि हा गार्सिलासो एकच का?

नाही, इथे खूप जणांचा गोंधळ होतो. देपोर्तिवो गार्सिलासो ही जुनी, १९५७ ची, खरं वैर तिच्याशी. ती कितीतरी वर्षं खालीच होती, २०२२ मध्ये कोपा पेरू जिंकून २०२३ ला वर आली. रियाल गार्सिलासो एकदम नवीन, २००९ ची, पण भराभर वर चढली, २०१२ आणि २०१३ दोन्ही वर्षं लीगची उपविजेती, २०१३ च्या लिबेर्तादोरेसला क्वार्टरफायनलपर्यंत. तिने नंतर नाव बदललं, आता कुस्को एफसी. गार्सिलासो हे नाव सगळीकडे दिसतं कारण इंका गार्सिलासो दे ला व्हेगा हा कुस्कोचा मोठा माणूस, १५३९ चा जन्म, आई इंका राजघराण्यातली, बाप स्पॅनिश सरदार, त्याने इंका लोकांचा इतिहास लिहून ठेवला. स्टेडियमलाही त्याचंच नाव आहे.

तीन टीमा, एकच मोठं स्टेडियम, एकच शहर. पण रस्त्यावर विचारलंत तर बहुतेक लोक लाल जर्सीचंच नाव घेतील, दुसऱ्या दोघांची चांगली वर्षं धरूनसुद्धा.

प्रश्न (पुणे): आम्ही दोघं पुढच्या वर्षी माचू पिचूला जातोय. मिस्टरांना फुटबॉलचं वेड आहे. कुस्कोत मॅच बघता येईल का? सेफ आहे का? काही टिप्स द्या.

ताई, नक्की बघा. पेरूची लीग साधारण फेब्रुवारीपासून वर्षाच्या शेवटापर्यंत चालते, जानेवारीत गेलात तर मॅच मिळायची शक्यता कमी. माचू पिचूच्या ट्रेकसाठी लोक मे ते ऑगस्ट जातात, तेव्हा पाऊस नसतो, आणि लीगही चालू असते, त्यामुळे ते महिने दोन्हीला चांगले. गार्सिलासो स्टेडियम शहरातच आहे, जुन्या मुख्य चौकातून टॅक्सीने थोड्याच मिनिटांत पोचता. फिक्श्चर शेवटच्या आठवड्यात बदलू शकतं, म्हणून तिकिटाच्या भरवशावर ट्रेनची वेळ ठरवू नका, उलट करा.

उतरल्याच्या दिवशी मात्र मॅच नको. लिमाहून विमानाने एकदम ३४०० वर जाता, पहिले एक-दोन दिवस डोकं दुखतं, भूक जाते, झोप लागत नाही, काहींना जास्तच त्रास होतो. आधी खाली सेक्रेड व्हॅलीत, उरुबांबा किंवा ओयांताईतांबोला दोन रात्री काढा, ती गावं कुस्कोपेक्षा पाचशे-सहाशे मीटरने खाली आहेत, मग कुस्कोला या. पाणी भरपूर, पहिल्या दिवशी हलकं जेवण. तिकडे हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा देतात, तिथे तो कायदेशीर आहे आणि सगळे पितात, पण ती पानं किंवा टी बॅग बॅगेत टाकून भारतात आणू नका, इथे चालत नाही. दोघांपैकी कोणाला बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांशी बोलूनच.

मॅचला कुटुंबं येतात, लहान पोरं येतात. सिएन्सियानो विरुद्ध देपोर्तिवो गार्सिलासो असेल तर बंदोबस्त कडक असतो, तेव्हा गोलपोस्टच्या मागच्या स्वस्त स्टँडऐवजी बाजूच्या स्टँडचं तिकीट काढा आणि दुसऱ्या टीमच्या रंगाचे कपडे घालू नका. संध्याकाळची मॅच असेल तर जॅकेट हवंच, दिवसा ऊन चटका देतं आणि सूर्य डोंगराआड गेला की अर्ध्या तासात थंडी वाजायला लागते. आणि मिस्टरांना शक्य झालं तर शेजारी बसलेल्या पन्नाशीतल्या कोणालाही फक्त लुगो एवढं म्हणायला सांगा, स्पॅनिश येत नसलं तरी चालेल, पुढचं सगळं तो माणूस हातवारे करून सांगेल, रेड कार्डसकट.